मुंबईत सापडलेली गुलाबी प्रिंट: आधी काय करायचं, मग काय

पीटर वीअर यांचा १९७५ सालचा ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ हा ऑस्ट्रेलियन चित्रपट इथल्या फिल्म सोसायट्यांच्या जुन्या सभासदांना चांगला ठाऊक आहे. १९०० सालचा व्हॅलेंटाइन दिवस, मुलींची निवासी शाळा, पांढरे झगे, सहलीला गेलेल्या आणि परत न आलेल्या मुली. अशा चित्रपटाची पस्तीस एमएमची प्रिंट, म्हणजे चित्रगृहात चालवायची फिल्मची प्रत, ताडदेवच्या एखाद्या गोदामात, लॅमिंग्टन रोडवरच्या बंद पडलेल्या वितरकाच्या कपाटात किंवा चोरबाजारात गंजलेल्या डब्यांत मिळाली, तर पुढे काय करायचं ते इथे सांगितलं आहे. हेच काम त्या काळच्या, आता रंग उडून गुलाबी दिसणाऱ्या कुठल्याही रंगीत प्रिंटला लागू पडतं. मात्र या चित्रपटात काही खाचखळगे खास त्याचे आहेत, आणि नेमके तेच माहीत नसल्यामुळे नुकसान होतं.

तुमच्या हातातली प्रिंट म्हणजे मूळ निगेटिव्ह नव्हे. ऑस्ट्रेलियन चित्रपटांची मूळ सामग्री सांभाळणारी संस्था कॅनबेराला आहे, नॅशनल फिल्म अँड साउंड आर्काइव्ह. तेव्हा मुंबईतल्या प्रिंटचं मोल चित्राच्या सफाईत शोधू नका. ती साक्षीदार आहे. त्या काळी रंग कसे छापले गेले, आवाज कसा होता, कोणती आवृत्ती दाखवली गेली, इथे काय कापलं गेलं, हे ती सांगू शकते. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारा: यातून काही पुरावा पुसला जातोय का? मूळ फिल्मवर जे करायचं ते शक्यतो उलटवता येण्यासारखं हवं. बाकीचं सगळं संगणकावर.

डबा उघडण्यापूर्वी

पावसाळ्यात डबे उघडू नका. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेतली आर्द्रता सहज ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, आणि पासष्टच्या वर बुरशी वाढायला लागते. पाहणीचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा. थांबणं शक्यच नसेल तर एसी आणि डीह्युमिडिफायर दोन्ही असलेली खोली घ्या, पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणा आणि डबे त्या खोलीत एक दिवस बंदच ठेवून मग उघडा. थंड डबा दमट हवेत उघडला की फिल्मवर दव धरतं, मऊ झालेलं इमल्शन (चित्र धरणारा थर) शेजारच्या वेटोळ्याला चिकटतं, आणि मग ते चित्रासकटच सुटतं.

खोलीला खिडकी हवी. आंबट वास सुटलेल्या फिल्मची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते. नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोज्यांचे धागे फिल्मच्या काठावरच्या भोकांच्या फाटक्या कडांत अडकतात, त्यामुळे फाटकी फिल्म हाताळताना ते नकोतच.

डब्याच्या झाकणावरचे कागद, चिठ्ठ्या, रेल्वे पार्सलच्या पावत्या, खडूने लिहिलेले आकडे यांचा आधी फोटो काढा. कागद आतून काढून वेगळ्या पाकिटात ठेवा, पण फेकू नका. गंजलेला डबा टाकून द्यायचा असेल तर झाकणावरचा मजकूर नीट वाचता येईल असा फोटो हवाच.

१९७५ सालची प्रिंट नायट्रेटवर असणार नाही, तेव्हा पेट घेण्याची भीती सोडा. काठावर ‘सेफ्टी’ असं छापलेलं दिसेल. फिल्मचं प्लास्टिक ॲसिटेट की पॉलिएस्टर हे बघायला रीळ आडवं धरून दिव्यासमोर न्या. कडेतून उजेड आरपार झिरपला तर पॉलिएस्टर, काळंकुट्ट दिसलं तर ॲसिटेट. त्या काळच्या प्रिंट बहुतेक ॲसिटेटच निघतात.

आंबटपणा मोजा, नाकावर विसंबू नका

ॲसिटेट सडायला लागलं की त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं. तेच आम्ल सडण्याचा वेग आणखी वाढवतं, म्हणून याला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात. सुरुवातीला वास येतच नाही, आणि यायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. मोजमापासाठी ए-डी स्ट्रिप, म्हणजे आम्ल लागलं की रंग बदलणाऱ्या पट्ट्या, मिळतात. निळी पट्टी बंद डब्यात रिळावर ठेवा, साध्या तापमानाला चोवीस तास. निळीच राहिली तर ० पातळी. निळसर हिरवी म्हणजे १, हिरवी म्हणजे २, पिवळी म्हणजे ३. दीडच्या आसपास तो टप्पा येतो जिथून सडणं आपोआप वेग घेतं. दोन आली तर स्कॅनिंगची तारीख ठरवा. तीन आली तर आधी गोठवा, बाकीचं नंतर. पट्टीचा रंग चोवीस तासांनी लगेच वाचा आणि डब्याच्या नंबरासकट फोटो काढून ठेवा. पट्टी उघडी पडून राहिली की रंग पुन्हा बदलतो.

आंबट झालेली रिळं निरोगी रिळांच्या कपाटात ठेवू नका. वाफ पसरते. ध्वनीची मॅग्नेटिक फिल्म सोबत मिळाली असेल तर ती सगळ्यांत आधी तपासा. तिच्यावरच्या लोहाच्या लेपामुळे ॲसिटेट लवकर सडतं, त्यामुळे चित्र ठीक आणि आवाज गेलेला, असं हमखास होतं.

फुटांवरून ओळख पटवा

या प्रिंटची सगळ्यांत महत्त्वाची तपासणी साध्या फूटमोजणीने होते. १९७५ ची मूळ आवृत्ती सुमारे ११५ मिनिटांची. १९९८ मध्ये वीअर यांनी स्वतः केलेली आवृत्ती सुमारे १०७ मिनिटांची, म्हणजे दिग्दर्शकाने चित्रपट लांबवला नाही, उलट छाटला. पस्तीस एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते आणि एका फुटात १६ चौकटी बसतात. त्या हिशेबाने जुनी आवृत्ती १०,३५० फुटांच्या आसपास भरते आणि नवी ९,६३० च्या आसपास. फरक सातशे फुटांहून जास्त. तो प्रोजेक्टरच्या झिजेने किंवा जोडांनी पडत नाही.

सिंक्रोनायझरवरून (फूट मोजणारं दातेरी चाक) फूट मोजा आणि प्रत्येक रिळाचा आकडा वेगळा लिहा. पुढची-मागची लीडर (चित्र नसलेली फिल्म) वगळून मोजायचं. आकडा साडेनऊ हजाराच्या खाली आला तर एखादं रीळ हरवलंय किंवा मोठी कापाकापी झालीय.

सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र चिकटवलेलं असेल तर ते नीट वाचा. १९८३ पूर्वी मंडळाच्या नावात ‘सर्टिफिकेशन’ नव्हतं, ‘सेन्सॉर्स’ होतं. ‘यूए’ हा वर्गही १९८३ पासूनचा. प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये असते. ११५ मिनिटं म्हणजे सुमारे ३,१५५ मीटर. खालच्या बाजूला त्रिकोण असेल तर इथे काटछाट झाली होती. महोत्सवासाठी किंवा सोसायट्यांसाठी आलेल्या प्रिंटवर प्रमाणपत्र नसेलही. तशी प्रिंट जास्त मोलाची, कारण ती न कापलेली असण्याची शक्यता मोठी.

काठावर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी चिन्हं दिसतात. ती कोडॅकची कच्च्या फिल्मच्या निर्मितीवर्षाची खूण. दर वीस वर्षांनी तीच चिन्हं पुन्हा येतात, म्हणून एकट्या चिन्हावरून वर्ष ठरवू नका. प्रिंटचा रंग, प्रमाणपत्र आणि चिन्ह तिन्ही जुळली पाहिजेत. ‘एलपीपी’ ही अक्षरं दिसली तर प्रिंट ऐंशीच्या दशकात किंवा नंतर निघाली आहे आणि तिचे रंग बरेच शाबूत असतील.

बाकावरची पाहणी

दोन हातरिवाइंडर, मध्ये प्रकाशपेटी, एक भिंग, पट्टी, वही. मोटरचा रिवाइंडर नको. हाताने फिरवताना काठ बोटाला लागत जातो आणि फाटलेलं भोक नजरेआधी बोटाला कळतं. रीळ सैल वाटलं म्हणून टोक ओढून घट्ट करायची सवय असेल तर ती आजच सोडा. वेटोळी एकमेकांवर घासतात आणि धुळीचा प्रत्येक कण लांबलचक ओरखडा काढतो.

आकसणं मोजायला खास गेज मिळाला तर उत्तम, नाहीतर स्टीलची पट्टी पुरते. नव्या प्रिंटमध्ये दोन भोकांतलं अंतर ४.७५ मिमी, म्हणजे शंभर अंतरांना ४७५ मिमी. फिल्म सपाट पसरा, शंभर अंतरं मोजा. ४७१ आलं तर आकसणं साधारण ०.८ टक्के, ही प्रिंट प्रोजेक्टरवर चढवायची नाही. ४७० च्या खाली गेलं तर दातेरी चाकांवर चालणारा स्कॅनरही नको, घर्षणावर चालणारा हवा. प्रत्येक रिळात सुरुवात, मधला भाग आणि शेवट असं तीनदा मोजा. बाहेरची वेटोळी जास्त आकसलेली असतात.

ओरखड्यांचे रंग वाचायला शिका, खूप काही कळतं. प्रिंटमध्ये रंगाचे तीन थर असतात. वर मॅजेंटा (गडद गुलाबी), मध्ये सायन (हिरवट निळा), तळाशी पिवळा. वरवरच्या ओरखड्यात फक्त मॅजेंटा जातो, म्हणून रेघ हिरवी दिसते. खोल गेली की पिवळी, आणि सगळं खरवडलं की पांढरी. पाठीवरचा म्हणजे चकचकीत बाजूचा ओरखडा पडद्यावर काळा दिसतो, कारण तिथे प्रकाश वाकडा होतो, चित्र मात्र शाबूत असतं. असे ओरखडे वेट गेटमध्ये, म्हणजे फिल्म द्रवात भिजवून स्कॅन केली तर, जवळजवळ नाहीसे होतात. आणि चित्रातच पांढरे ठिपके असतील तर ती तुमच्या प्रिंटवरची घाण नाही, निगेटिव्हवर पडलेली धूळ छापून आलेली आहे. ती पुसायला जाऊ नका, पुसली जाणार नाही.

रिळांची पहिली आणि शेवटची शंभर-दीडशे फूट सगळ्यांत वाईट अवस्थेत असतात. रीळ बदलायची खूण असलेल्या ठिपक्यांशेजारी प्रोजेक्शनवाल्यांनी टोकदार वस्तूने कोरलेले जादा क्रॉस दिसतील. वैतागू नका, नोंद करा.

दुरुस्ती: कमीत कमी

फाटलेल्या भोकांवर भोकं पाडलेली पॉलिएस्टर टेप लावा, दोन्ही बाजूंनी. सुटलेले जुने सिमेंट जोड गिलोटिन स्प्लायसरवर टेपने जोडा. सिमेंटने जोडायचं तर प्रत्येक वेळी थोडी फिल्म खरवडावी लागते आणि एक-दोन चौकटी जातात, आणि स्कॅनसाठी त्याची गरज नसते. जुन्या सेलोटेपच्या जोडांचा चिकटा बाजूच्या वेटोळ्यांवर पसरलेला असतो. टेप सावकाश सोलून उरलेला चिकटा कापसाच्या काडीवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन काढा.

हरवलेल्या चौकटींच्या जागी काळी फिल्म घालू नका. त्याच्या जागी वहीत लिहा: अमुक रीळ, इतके फूट, इतक्या चौकटी, ध्वनीसकट. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण पस्तीस एमएमच्या प्रिंटवर आवाज त्याच्या चित्राच्या वीस-एकवीस चौकटी पुढे छापलेला असतो. चित्रात जिथे उडी दिसते तिथे आवाज ठीक, आणि आवाजात उडी थोडी नंतर, असं होणारच.

सफाईसाठी पाणी कधीही वापरू नका. दुकानातलं सॅनिटायझरही नाही. त्यात तीस टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि इमल्शन फुगतं. धूळ आधी चिकट रोलरवरून काढा. त्यानंतरही चिकट घाण असेल तर न सुटणाऱ्या धाग्यांच्या कापडावर ९९ टक्क्यांचं अल्कोहोल घ्या आणि फिल्म त्यातून सावकाश ओढा. दर काही फुटांनी कापडाची घडी बदला, आणि गुंडाळलं जाण्यापूर्वी फिल्म पूर्ण कोरडी हवी. हे ज्वालाग्राही आहे, शेगडी आणि सिगारेट दूर. प्रयोगशाळांत पर्क्लोरोइथिलीनच्या बंद यंत्रात सफाई होते. ते विषारी द्रव्य घरी, उघड्या भांड्यात नाही.

बुरशी ओली असेल तर ब्रश फिरवू नका, ती आत चोळली जाते. रीळ आधी कोरड्या खोलीत काही दिवस ठेवा. पांढरी भुकटी झाली की मऊ ब्रश आणि हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम. मुखपट्टी हवी.

पुराचं पाणी शिरलं तर नियम उलटा होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला. तळमजल्यावरच्या गोदामांचं अशा दिवशी काय होतं ते मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. भिजलेलं रीळ पंख्याखाली वाळवू नका. वाळताना वेटोळी एकमेकांना चिकटून वीट होते. ते स्वच्छ थंड पाण्यात बुडवूनच ठेवा आणि दोन-तीन दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा.

कुठे ठेवायचं

पन्नास टक्के आर्द्रता आणि २१ अंशांना ठेवलेलं नवं ॲसिटेट आंबट व्हायला लागायला सुमारे चाळीस वर्षं घेतं. मुंबईच्या पोटमाळ्यावर, तीस-बत्तीस अंशांत, हा काळ खूपच आखडतो. रंगीत ॲसिटेट दीर्घकाळ टिकवायला २ अंश आणि २० ते ३० टक्के आर्द्रता, किंवा उणे ३ अंशांना ४० टक्क्यांपर्यंत, असे आकडे आंतरराष्ट्रीय मानकांत आहेत. घरी हे जमणार नाही. जमेल ते इतकं: हवा खेळती राहणाऱ्या पॉलिप्रॉपिलिनच्या डब्यात तीन इंची गाभ्यावर सैल-सपाट गुंडाळलेलं रीळ, डबे आडवे, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकलेले. एसी रात्री बंद आणि सकाळी चालू असं करायचं असेल तर त्यापेक्षा न केलेला बरा. रोजच्या चढउताराने फिल्म फुगत-आकसत राहते.

फ्रिजर वापरायचा असेल तर रीळ दोन पदरी बंद पिशवीत, आत आर्द्रतेची सूचक पट्टी. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. आम्ल शोषणाऱ्या मॉलिक्युलर सीव्हच्या पुड्या हजार फुटांना साडेबारा ग्रॅमच्या साधारण तीन लागतात, आणि त्या संपतात, बदलाव्या लागतात. सिलिका जेल हे काम करत नाही, ते फक्त ओल ओढतं. डांबरगोळ्या, रबरबँड, किराण्याच्या पिशव्या, कडुनिंबाचा पाला यांतलं काहीही डब्यात नको. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबते हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. थांबत नाही.

स्कॅन

स्कॅन करणाऱ्याला चार गोष्टी लेखी द्या. एक, फ्रेमच्या कडा, भोकं आणि ध्वनिपट्टी दिसतील इतकं रुंद स्कॅन. दोन, निदान ४के, दहा बिट लॉग, जमलं तर सोळा बिट. तीन, प्रिंटची घनता (प्रकाश किती अडतो त्याचं माप) निगेटिव्हपेक्षा खूप जास्त असते, म्हणून प्रत्येक चौकटीला दोन किंवा तीन एक्स्पोजर, नाहीतर सावल्या काळ्या डबक्यासारख्या येतात. चार, यंत्रात कुठलीही धूळसफाई, ग्रेन (फिल्मचे दाणे) कमी करणं किंवा आपोआप रंगदुरुस्ती चालू नको. इन्फ्रारेड वाहिनी असेल तर ती वेगळी साठवून मागा. रंगद्रव्यं इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, त्यामुळे तिथे फक्त धूळ आणि ओरखडे दिसतात. मात्र ध्वनिपट्टीत चांदी असते, तिथे ही युक्ती चालत नाही.

जागेचा हिशेब आधीच करा. ११५ मिनिटं म्हणजे १,६५,६०० चौकटी. ४के दहा बिट डीपीएक्सची (चौकटीमागे एक फाइल) एक चौकट सुमारे ५१ एमबी, म्हणजे एकूण साडेआठ टीबीच्या जवळ. सोळा बिट घेतलं तर पावणेतेरा टीबी. प्रत्येक चौकटीचा चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा) स्कॅनच्या जागीच काढून घ्या, घरी आणल्यावर नव्हे. प्रवासात बिघडलेली फाइल त्याशिवाय ओळखूच येत नाही.

रंग: इथेच घोळ होतो

रंगीत प्रिंटच्या चित्रात चांदी नसते, फक्त रंगद्रव्यं. सत्तरच्या दशकातल्या ईस्टमनकलर प्रिंटमध्ये सायन द्रव्य अंधारातल्या डब्यातही उडतं, म्हणून उरतं ते गुलाबी. ध्वनिपट्टी मात्र काळीच राहते, कारण तिथे चांदी शिल्लक ठेवलेली असते. कृष्णधवल फिल्म चांदीसाठी भंगारात गाळल्या गेल्या. रंगीत प्रिंटमध्ये गाळण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं, एवढं भंगारवाल्याला सांगायला हरकत नाही.

गुलाबी चित्र दिसलं की नवखा माणूस लाल कमी करतो. मग सावल्या हिरव्या होतात नाहीतर उजेड निळा. कारण असं की द्रव्य उडतं ते प्रमाणात. तीस टक्के सायन गेलं तर घनता १.० होती तिथे ०.७ उरते, आणि ०.१ होती तिथे ०.०७. गडद भागात मोठं नुकसान, उजळ भागात जवळजवळ काहीच नाही. म्हणून सगळीकडे सारखी वजाबाकी चालत नाही, घनतेवर गुणाकार करावा लागतो: सायन लाल प्रकाश अडवतं, म्हणून लाल वाहिनीची घनता १ भागिले ०.७, म्हणजे सुमारे १.४३ ने. त्याआधी जुनाट पिवळा डाग वजा करायचा, आणि तो मोजायची जागा भोकांशेजारची कोरी कड. गुणाकार किती, हे ठरवायला दोन चौकटींमधली काळी रेघ वापरा. ती मुळात तटस्थ काळी होती. दोन्ही टोकं जुळली की मधलं बरचसं आपोआप जागेवर येतं. लाल वाहिनीत दाणे वाढतील. वाढू द्या, किंवा फक्त त्या एका वाहिनीत हलकेच कमी करा.

आता या चित्रपटाची खास गोष्ट. छायालेखक रसेल बॉइड यांनी भिंगापुढे नवरीच्या तोंडावरची जाळी लावली होती, वसईच्या ख्रिस्ती लग्नांत दिसते तशी. त्यामुळे उजेड पसरतो, कडा विरतात, सोनेरी धुकं दिसतं. ते धुकं म्हणजे प्रिंट खराब झाल्याची खूण नाही. शार्पनेस वाढवणारं एकही बटण दाबू नका. उजळ भागाभोवतीचं वलय ‘दुरुस्त’ करू नका. आणि पांढऱ्या झग्यांना आधार धरून चित्र थंड पांढरं करण्याचा मोह टाळा. त्या झग्यांवर दुपारचं पिवळं ऊन पडलेलं आहे. काळी रेघ तटस्थ करा, कपडे करू नका. शाळा म्हणून दाखवलेली दक्षिण ऑस्ट्रेलियातली मार्टिनडेल हॉल ही वास्तू आजही उभी आहे. पण तिचे आजचे फोटो समोर ठेवून दगडाचा रंग ठरवणं म्हणजे फसवणूक. प्रिंटवरचा रंग निगेटिव्ह, जाळी आणि छपाई मिळून झालेला होता.

धूळ काढणारं सॉफ्टवेअर एका चौकटीत असलेली आणि मागच्या-पुढच्या चौकटीत नसलेली वस्तू शोधतं. पक्ष्याचा फडफडणारा पंख, लेसची झालर, पानांतून लुकलुकणारं ऊन, किडे हे सगळं त्याला धूळच वाटतं. या चित्रपटात तर यांचीच गर्दी. आपोआप सफाई कमी तीव्रतेवर चालवा आणि प्रत्येक शॉटचा काढलेला भाग वेगळा चालवून बघा. त्यात चेहऱ्याचा किंवा झालरीचा आकार दिसला तर तो शॉट हाताने करायचा. एकमेकांत विरघळणारी दृश्यं ऑप्टिकल प्रिंटरवर (फिल्मवरून फिल्मवर पुन्हा छापणारं यंत्र) केलेली असतात, म्हणून तिथे दाणे अचानक जाड होतात आणि शॉट संपेपर्यंत तसेच राहतात. ते मूळचंच आहे. गुळगुळीत करून शेजारच्या शॉटशी जुळवू नका. चित्राची थोडी डुगडुगही पूर्ण थांबवू नका. भोकं फाटल्यामुळे बसणारे धक्के तेवढे काढा.

आवाज

आवाज मोनो आहे, तो मोनोच जपा. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ध्वनिपट्टी उतरवा, कच्ची फाइल वेगळी ठेवा. टिकटिक आणि चरचर काढा, ५० हर्ट्झची विजेची गुणगुण असेल तर ती नेमकी तेवढ्याच जागी कापा. खडकाच्या दृश्यांखाली मुद्दाम ठेवलेली खोल घरघर आहे. आवाज ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात ती सहज नाहीशी होते, आणि दृश्याचा जीवच जातो. पॅनपाइपच्या सुरांमधल्या फुंकरीचंही तेच. हिस काढणाऱ्या यंत्राला ती हिसच वाटते. ऐकताना खोलीत अकॅडमी कर्व्ह (जुन्या चित्रगृहासारखे उंच सूर उतरवणारी जुळवणी) लावा. मोनो ध्वनिपट्ट्या चित्रगृहातल्या उतरत्या उंच सुरांचा हिशेब धरून केलेल्या असतात. सपाट स्पीकरवर त्या कर्कश वाटतात आणि माणूस नको ते कापतो.

हक्क आणि सोपवणं

प्रिंट तुमची असली तरी चित्रपट तुमचा नाही. भारतीय कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. १९७५ चा चित्रपट २०३५ अखेरपर्यंत हक्काखाली. स्कॅन जाहीर दाखवायला किंवा नेटवर टाकायला हक्कधारकाची लेखी परवानगी हवी. खर्च करण्याआधी कॅनबेराच्या आर्काइव्हला फूट, आवृत्ती, ए-डी पातळी आणि दहा-बारा चौकटींचे फोटो पाठवा. त्यांच्याकडे यापेक्षा बरी सामग्री असेल तर तुमचा पैसा फक्त जपणुकीवर खर्च होईल. प्रिंट ठेवायला जागा नसेल तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन या दोन दारांवर विचारा. फाउंडेशन जपणुकीच्या कार्यशाळाही घेतं. देताना पाहणीची वही प्रिंटबरोबर द्या, नाहीतर पुढचा माणूस सगळं पुन्हा मोजतो आणि फिल्म पुन्हा एकदा रिवाइंडरवर चढते.

डिजिटल प्रती एलटीओ टेपवर (डेटा साठवायची चुंबकी टेप) दोन, वेगवेगळ्या उपनगरांत, त्यातली एक तरी वरच्या मजल्यावर. एलटीओ-९ चं यंत्र एलटीओ-८ ची टेप वाचतं, त्यामागची वाचत नाही, म्हणून नवी पिढी आली की नक्कल करण्याची तारीख कॅलेंडरवर हवी. कच्चं स्कॅन, दुरुस्त केलेलं चित्र, आवाजाच्या दोन्ही फाइली, दुरुस्त्यांची शॉटवार यादी आणि पाहणीची वही, हे सगळं एकाच टेपसंचात.

चित्रगृहासाठी डीसीपी, म्हणजे डिजिटल प्रत, करताना चौकटीचं रुंदी-उंचीचं प्रमाण १.६६ ठेवा. २के फ्लॅटमध्ये (१.८५ ची चौकट) उंची १०८० आणि रुंदी सुमारे १,७९३ पिक्सेल, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. मल्टिप्लेक्सचा ऑपरेटर पट्ट्या दिसल्या की चित्र १.८५ पर्यंत ताणायला बघतो आणि मुलींच्या हॅट कापल्या जातात. डीसीपीबरोबर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी द्या, आणि खेळाआधी पाच मिनिटं पडद्यासमोर उभं राहून चारही कडा तपासा.